केशरी स्वेटर चालेल का? भाचा विस्कॉन्सिनला शिकारीत चाललाय

लष्करची_मावशी | २ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे परदेशी राहणारे, पक्षी बघायला जंगलात जाणारे, सगळेच आहेत म्हणून विचारते.

माझा भाचा इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या वाड्यातच लहानाचा मोठा झाला. गेली तीन वर्षं तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातल्या एका वयस्क गृहस्थांनी त्याला या महिनाअखेरीस आपल्या घरच्यांबरोबर हरणाच्या शिकारीला बोलावलंय. वर्षातले नऊ दिवस तिथे बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो, आणि त्या दिवसांत रानात जायचं तर अंगावर नारिंगी हवंच असा कायदा आहे म्हणे.

मागच्या दिवाळीला मी त्याच्यासाठी केशरी लोकरीचा स्वेटर विणून पाठवला होता. चांगला ठसठशीत केशरी, दसऱ्याच्या झेंडूसारखा. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, वेगळं काही विकत घेत नाही, तुझाच स्वेटर घालून जातो." ऐकताना बरं वाटलं, पण रात्रभर डोळा लागला नाही. लोकरीचा केशरी आणि त्यांचा तो नारिंगी एकच का? आणि इतका भडक रंग घातल्यावर हरीण पळून नाही का जायचं? मग लोक घालतात तरी कशाला?

तो बंदूक हातात धरणार की नुसता बघायला जाणार, हे अजून त्याचंच ठरलेलं नाही. माझी काळजी त्याला गोळी लागू नये एवढीच आहे. माहिती असेल ते सविस्तर सांगा.

---

मुरारकर | २ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

वाचतोय. माझ्याही मुलीला तिथल्या मित्रमंडळींनी विचारलं होतं, ती नाही म्हणाली.

---

ग्रीनबे_बाळू | २ नोव्हेंबर, रात्री ८:२२

मावशी, मी याच राज्यात अकरा वर्षं आहे आणि गेले सहा हंगाम जातोय. मूळचा इंदूरचा, रामबागेतला.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: स्वेटर आतून घालू दे, वरून नको.

तिथला नियम असा की बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचे जे बाहेरचे कपडे दिसतात, त्यातला निम्मा भाग तरी झगझगीत नारिंगी किंवा झगझगीत गुलाबी हवा. गुलाबी २०१६ पासून चालतो. टोपी घातली तर तीही निम्मी त्याच रंगाची हवी. इथे 'झगझगीत' या शब्दाला महत्त्व आहे. साधा केशरी, भगवा, विटकरी यांपैकी काहीही त्यात धरत नाहीत. खेळाच्या दुकानात पूर्ण बाह्यांचं जाकीट मिळतं, तेच घ्यायला सांगा. नुसती बिनबाह्यांची बंडी घेतली आणि आतल्या कोटाच्या बाह्या तपकिरी राहिल्या, तर निम्म्याचा हिशेब जमेल की नाही याची शंका राहते. ती शंका घेऊन रानात जायचंच कशाला?

प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा आहे. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच हवं आणि ते चहूबाजूंनी दिसायला हवं. कोलोराडोत ५०० चौरस इंच, आणि डोक्यावरही काहीतरी हवंच. भाचा उद्या दुसऱ्या राज्यात गेला तर तिथला नियम वेगळा वाचावा लागेल.

आणखी एक, हे महत्त्वाचं आहे. रानात पांढरं काही घालू नये. पांढरा मफलर नको, पांढरे हातमोजे नकोत, खिशातून पांढरा रुमालही काढायचा नाही. इथलं हरीण पळताना शेपटी वर करतं आणि शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र असते. झुडपाआड पांढरं हललं की कोणाची नजर कशी चुकेल, सांगता येत नाही.

---

लष्करची_मावशी | २ नोव्हेंबर, रात्री ८:५०

अगं बाई! पांढरा मफलरसुद्धा मीच पाठवलाय. आत्ता मेसेज करते.

---

सत्त्वशीला_लेले | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मला वाईट वाटतंय म्हणून लिहिते. मुक्या जनावराला मारायला जाणाऱ्याने काय घालावं याची चर्चा आपण का करून राहिलोय? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ती उगीच नाही. भाच्याला जाऊच नको सांगा, मग स्वेटरचाही प्रश्न उरत नाही.

---

लष्करची_मावशी | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सत्त्वशीलाताई, तुमचं म्हणणं मला पटतं. मी स्वतः अंडंही खात नाही. मी त्याला दोनदा विचारलं, जायलाच हवं का म्हणून. तो म्हणाला, "मावशी, करोना होऊन मी एकटा आजारी पडलो होतो तेव्हा या माणसाने दारात रोज सूप आणून ठेवलं. त्याला वाटतं मी त्याच्या घरचा एक दिवस बघावा. नाही म्हणवत नाही." यावर मी काय बोलणार? तो जाणार हे नक्की आहे. तेव्हा सुखरूप परत यावा एवढंच माझ्या हातात आहे.

---

ग्रीनबे_बाळू | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

सत्त्वशीलाताई, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. तिथली परिस्थिती तेवढी सांगतो. या राज्यात हरणांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. त्यांना खाणारे लांडगे माणसानेच मारून १९६० च्या सुमारास संपवले होते. पुढे ते मिनेसोटाकडून परत आले, पण हरणांच्या मानाने थोडेच. हरणं रस्त्यावर गाड्यांना धडकतात, रानातली कोवळी रोपं वाढू देत नाहीत. शिकारीचं मांस घरात वर्षभर खाल्लं जातं, गरजूंनाही दान देतात. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

मावशी, यावरून आठवलं. २००२ पासून इथल्या हरणांत मेंदूचा एक रोग आढळतो. त्या भागातलं हरीण असेल तर तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खात नाहीत. भाच्याला कोणी वाढलं तर तपासलंय का, एवढं विचारू दे.

---

सत्त्वशीला_लेले | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:००

पटलं नाही, पण कळलं. मावशी, तुमचा भाचा कृतज्ञ आहे हे वाचून मात्र बरं वाटलं.

---

नेत्रवैद्य_बडोदे | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

हरणाला दिसेल ना, हा प्रश्न राहिलाच. त्यावर थोडं लिहितो.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. एक निळ्याला प्रतिसाद देते, दुसरी हिरव्याला. तांबडा ओळखणारी तिसरी पेशी त्याच्याकडे नाही. त्यामुळे आपल्याला भडक वाटणारा नारिंगी त्याला हिरव्या-पिवळ्या पाल्यापेक्षा वेगळा असा दिसत नाही. आपल्या वाघाचंच बघा. एवढा नारिंगी प्राणी दिवसाढवळ्या गवतात बसतो आणि चितळाला दिसत नाही, कारण चितळाच्या डोळ्याला तो गवताच्याच रंगाचा वाटतो. नारिंगी जाकीट घातलेला माणूस माणसांना मैदानापलीकडून दिसतो आणि हरणाला जवळूनही उठून दिसत नाही. हलला किंवा वारा त्याच्याकडून हरणाकडे गेला, तर मात्र हरणाला लगेच कळतं.

निळ्याचं उलटं आहे. निळा हरणाला आपल्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणून निळी जीन्स घालून जाऊ नये. धुण्याच्या पावडरीत कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात, त्याने कापड निळसर उजळतं. ते जाकिटात उतरलं तर हरणाला दिसू शकतं. जाणकार शिकारी त्यासाठी वेगळा साबण वापरतात.

आता लोकर आणि झगझगीत रंग यांतला फरक. साधा केशरी रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला केशरी भाग तेवढा परत पाठवतो. झगझगीत रंग उजेडातले निळे-जांभळे आणि डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही गिळतो आणि त्यांची ताकद नारिंगी करून बाहेर टाकतो. म्हणून तो आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा जास्त उजळ दिसतो, आतून दिवा लागल्यासारखा. पहाटे आणि तिन्हीसांजेला आकाशातून येणाऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो. शिकारीही तेव्हाच रानात असतात, आणि त्याच वेळी साधा तांबडा-केशरी डोळ्यांना काळपट दिसू लागतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे टिपलं होतं. बागेतली तांबडी फुलं संध्याकाळी आधी काळी पडतात आणि हिरवी पानं त्यांच्यामागून, हे सगळ्यांनी पाहिलंच असेल.

अमेरिकेत स्विट्झर बंधूंनी हे रंग १९३० च्या दशकात तयार करायला घेतले. दुसऱ्या महायुद्धात विमानांना जमिनीवरून खुणा करायला ते वापरले गेले.

---

शिंदेछावणी | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचला आणि माझ्या आजोबांची एक गोष्ट पन्नास वर्षांनी उलगडली.

माझे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात होते. शिवपुरीच्या जंगलात, म्हणजे आज जिथे माधव राष्ट्रीय उद्यान आहे तिथे, हाका व्हायचा. बंदुकवाले मचाणावर, हाकेवाले ढोल-डबे बडवत समोरून यायचे, आणि वाघ बाजूने फुटून जाऊ नये म्हणून झाडांवर 'रोक' बसवलेले असायचे. आजोबा रोक होते. सगळ्या हाकेवाल्यांच्या डोक्याला तांबडा साफा. जनावर कुठलं आणि माणूस कुठला हे मचाणावरच्याला लांबून कळावं म्हणून.

दोन नियम असे होते की ते मोडणाऱ्याला पुन्हा मचाण मिळत नसे. हाकेवाल्यांची रांग ठरलेल्या खुणेच्या झाडापाशी आली की शिंग वाजायचं, मग रांगेच्या दिशेने गोळी नाही, समोरून वाघ आला तरी नाही. तो मचाण ओलांडून मागे गेला की मगच. आणि दुसरा, दिवेलागणीला बंदुका खाली. आम्ही मुलं विचारायचो, अजून दिसत असताना खाली का? आजोबा म्हणत, "तुला मी दिसतो, पण माझा साफा काळा झालाय." मला ते कधीच समजलं नव्हतं. साफा काळा कसा होईल? आज समजलं.

आता त्याच जंगलात वाघ पुन्हा आणून सोडलेत आणि २०२५ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झालाय. आजोबांना हे बघायला मिळायला हवं होतं. म्हातारपणी ते शिकारीचं नावही काढू देत नसत, फक्त नियम सांगत.

---

लष्करची_मावशी | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

शिंदेछावणी, वाचताना अंगावर काटा आला. हे भाच्याला जसंच्या तसं पाठवलं.

---

पक्षीवेडा_तिघरा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आम्ही तिघरा धरणावर पक्षी बघायला जातो ते मातकट-हिरवे कपडे घालून, कारण पक्ष्यांना रंग माणसापेक्षा जास्त चांगले दिसतात. मग पक्ष्यांच्या शिकारीला नारिंगी कसं चालतं?

---

ग्रीनबे_बाळू | ४ नोव्हेंबर, रात्री ७:४५

@पक्षीवेडा, बरोबर धरलंत. रानटी टर्कीच्या शिकारीला नारिंगी घातलं तर टर्की फिरकत नाही. तिथे लोक पाल्याच्या नक्षीचे कपडे घालून स्थिर बसतात, आणि म्हणूनच ती शिकार जास्त जोखमीची आहे. तिथे वेगळे संकेत आहेत. तांबडं, पांढरं आणि निळं अंगावर नको, कारण नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग. पाठ खांद्यांपेक्षा रुंद अशा झाडाला टेकवून बसायचं. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज काढायचा नाही, मोठ्याने माणसाच्या भाषेत बोलायचं. आणि मेलेला पक्षी उचलून नेताना त्यावर नारिंगी कापड गुंडाळायचं.

हरणाचंही तेच. मारलेलं हरीण ओढत आणताना त्यावर नारिंगी काहीतरी बांधतात, नाहीतर झुडपातून सरकणारं तपकिरी अंग दुसऱ्याला जिवंत हरीण वाटतं. सरकारी रानात कापडी खोपटं लावून आत बसलात तर खोपटावरही चहूबाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी लावावं लागतं. आत बसलेल्याचं जाकीट बाहेरून दिसत नाही ना!

---

सायकल_थाटीपूर | ५ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

अवांतर होतंय, पण राहवत नाही. या धाग्याचा आपल्या गावाशी थेट संबंध आहे.

मागच्या जानेवारीत मी पहाटे सायकलवर होतो. ग्वाल्हेरचा कोहरा तुम्हाला ठाऊक आहे, पुढचं चाक दिसत नाही असे दिवस येतात. अंगात काळं जाकीट, डोक्यावर काळी कानटोपी. दुधाचा टेम्पो मागून आला आणि हँडलला घासून गेला. मी नाल्यात. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. टेम्पोवाला थांबला, मला उचललं, दवाखान्यात नेलं, आणि रडत होता. "बाबूजी, आप दिखे ही नहीं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचा. मला त्याचा राग आला नाही, कारण त्याचं खरं होतं.

तेव्हापासून झगझगीत हिरवट-पिवळं जाकीट, त्यावर रेडियमच्या पट्ट्या. घरचे म्हणतात सफाईवाल्यासारखा दिसतोस. सफाईवाले आपल्यापेक्षा शहाणे आहेत, ते अंधारात रस्त्यावर उभे असतात.

---

मुरारकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मग हिरवट-पिवळं चांगलं की नारिंगी? आणि रेडियम असेल तर झगझगीत रंगाची गरज काय?

---

नेत्रवैद्य_बडोदे | ५ नोव्हेंबर, रात्री ११:०५

दोन्हींची कामं वेगळी आहेत. झगझगीत रंगाला आकाशाचा उजेड लागतो, म्हणून तो दिवसा, पहाटे आणि संध्याकाळी काम करतो. मध्यरात्री गाडीच्या दिव्यात तो साध्या फिक्या कपड्यापेक्षा फार वेगळा दिसत नाही, कारण त्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. रेडियम आपण नुसतं म्हणतो, त्यात रेडियम नसतं. त्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा त्रिकोणी खाचा असतात आणि त्या दिव्याचा उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून ड्रायव्हरला ती लखलखते, पण शेजारी उभ्या असलेल्याला नाही. दाट धुक्यात उजेड जाताना विखुरतो आणि येतानाही, त्यामुळे तिथे तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. स्वतःचा लुकलुकणारा मागचा दिवा हवाच.

पट्टी फक्त पाठीवर नको. घोट्यांवर आणि मनगटांवरही लावा. पाय चालताना किंवा पॅडल मारताना हलतात, आणि ती चाल बघून ड्रायव्हरला हा माणूस आहे हे फार लांबून ओळखू येतं. पाठीवरची पट्टी रस्त्याकडेचा खांबही असू शकते.

रंगाचं म्हणाल तर दिवसा आपला डोळा हिरवट-पिवळ्याला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. शहरात तो उत्तम. रानात पानगळीच्या दिवसांत मागे पिवळं-हिरवंच असतं, तिथे नारिंगी उठून दिसतो, बर्फावरही दिसतो.

---

रंगहीन_नव्हे | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:००

डॉक्टर, मी स्वतः तांबडा-हिरवा रंग नीट न ओळखणाऱ्यांतला आहे. आमच्यासाठी नारिंगी पाल्यात हरवतो. लहानपणी झाडावरचे पिकलेले आंबे भावाला दिसायचे, मला हाताने चाचपावे लागायचे. बंदूक घेऊन आलेला एखादा माझ्यासारखा असला तर?

---

नेत्रवैद्य_बडोदे | ६ नोव्हेंबर, दुपारी २:१५

तुमची शंका रास्त आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठांना ही अडचण असते, म्हणजे त्या रानातही असे लोक असणारच. तरी झगझगीत रंगाचा एक फायदा उरतो, तो उजळही असतो. रंग कळला नाही तरी तो तेजस्वी सपाट ठिपका बऱ्याच जणांच्या लक्षात येतो. पण पाल्याच्या नक्षीचं नारिंगी जाकीट मिळतं, त्यात तो ठिपका तुकड्यांत फुटतो. नियमात ते बसत असलं तरी मावशी, भाच्याला सलग रंगाचंच घ्यायला सांगा.

---

भोपाळची_वकीलीण | ६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मावशी, कपड्यांपेक्षा मोठी गोष्ट कोणी विचारलेली दिसत नाही. भाचा कुठल्या व्हिसावर आहे? तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला किंवा हाताळायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. परवाना नसताना कोणी प्रेमाने म्हणालं, "धर रे जरा, बघ कशी वाटते," आणि याने धरली, तरी प्रकरण अंगाशी येऊ शकतं आणि व्हिसाही धोक्यात येतो.

---

लष्करची_मावशी | ६ नोव्हेंबर, रात्री ९:४२

एच-वन-बी वर आहे. परवाना काढलेला नाही. हे त्याला ठाऊकच नसणार. आत्ता फोन करते, तिकडे सकाळ असेल.

---

ग्रीनबे_बाळू | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

वकीलताईंनी फार मोलाचं सांगितलं, माझ्याकडून राहिलं. त्यात भर: १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी इथे शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो झाला नसेल तर अनुभवी माणसाच्या देखरेखीखालचा परवाना मिळतो, पण तेव्हा त्याने हाताच्या अंतरावरच राहायचं. भाचा यंदा नुसता बघायला गेला तर सगळ्यात सोपं. बघणाऱ्यानेही नारिंगी घालायचं हे मी माझ्यापुरतं ठाम सांगतो, गोळीला कोण शिकारी आणि कोण पाहुणा हे कळत नाही.

अभ्यासक्रमात पहिल्या दिवशी चार गोष्टी घोकून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरायचं. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. नेम धरण्याआधी समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री. आणि मारायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. यातली तिसरी मला सगळ्यात कठीण वाटते. रायफलीची गोळी मैलभराच्याही पुढे जाते. हरीण दिसलं की माणसाला हरणाशिवाय काही दिसेनासं होतं.

म्हणून लांबचं काही ओळखायचं तर दुर्बिणीने बघायचं, बंदुकीवरच्या दुर्बिणीने नाही. तिच्यातून बघायचं म्हणजे आधी बंदूक रोखायची, आणि मग ते काय आहे हे ठरवायचं. माणूस निघाला तर?

आणि मचाण. इथे गोळीइतकीच माणसं मचाणावरून पडून जायबंदी होण्याची भीती असते. चढताना-उतरताना पूर्ण अंगाला घालायचा सुरक्षा-पट्टा झाडाला बांधलेला हवा, बंदूक रिकामी करून दोरीने वर घ्यायची, खांद्याला लावून चढायचं नाही.

---

शिंदेछावणी | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

दोरीने वर घ्यायची! आजोबाही हेच सांगत.

---

गजक_गुळाची | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मावशी, एक सुचवू का? स्वेटर ज्या लोकरीचा, तिचा गुंडा तुमच्याकडे उरला असेल. आणि झगझगीत जाकीट सायकलवाल्या काकांकडे नाहीतर गल्लीतल्या सफाईच्या ताईंकडे असेलच. दोन्ही संध्याकाळी गच्चीवर शेजारी-शेजारी ठेवून बघा. शाळेत मी मुलांकडून असंच करून घेते, डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाहीत.

---

लष्करची_मावशी | ९ नोव्हेंबर, रात्री ८:००

केलं. सांगते.

सफाईच्या ताईंना विचारलं तर त्या स्वतःच गच्चीवर आल्या, जाकीट घेऊन. शेजारच्या दोन मुली आल्या, आमचे हेही खुर्ची टाकून बसले. जाकीट नारिंगीच होतं, थोडं मळलेलं. मी माझ्या स्वतःच्या त्याच लोकरीच्या शालीची घडी कठड्यावर ठेवली, शेजारी जाकीट, आणि आम्ही सगळे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

उन्हात शाल सुंदर दिसत होती, खरं सांगायचं तर जाकिटापेक्षा सुंदर. साडेपाचला सूर्य मावळला. पावणेसहाला शाल विटकरी झाली. आणखी थोड्या वेळाने धाकटी मुलगी म्हणाली, "काकू, तुमची शाल कुठे गेली?" कठड्याच्या दगडात ती मिसळून गेली होती. जाकीट मात्र तसंच, मळकं असूनही, तिथे कोणीतरी बसलंय असं वाटावं इतकं स्पष्ट.

शिंदेछावणी, तुमच्या आजोबांचा साफा मी काल डोळ्यांनी बघितला.

सफाईच्या ताई म्हणाल्या, जाकीट धुऊन धुऊन फिकं पडतं, आधी पाठ जाते, कारण पाठीवर ऊन. म्हणजे जुनं, विटलेलं जाकीटही घेऊ नये. भाच्याचं नवीन जाकीट आणि टोपी परवा आली. तो बंदूक हातात घेणार नाही, तेही नक्की झालं. त्या गृहस्थांना व्हिसाचं सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं सांगितलंस, मला कल्पनाच नव्हती.

---

ग्रीनबे_बाळू | १० नोव्हेंबर, सकाळी ७:००

मावशी, स्वेटर मात्र नक्की घालू दे. उणे दहा अंशात चार तास न हलता बसायचं असतं. सुती कपडा घामाने ओला झाला की गारठवतो, लोकर ओली झाली तरी ऊब देते. आत लोकर आणि वर नारिंगी, याहून चांगला पोशाख नाही.

---

सायकल_थाटीपूर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गच्चीवरची ती परीक्षा मी आमच्या पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींत सांगितली. बारा जणांपैकी सात जणांनी जाकीट घ्यायचं कबूल केलं. दोघा आजोबांना जाकीट नको, त्यांच्या काठ्यांना आणि बुटांच्या टाचांना मी स्वतः रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या. कोहरा सुरू व्हायला अजून महिना आहे, तोवर उरलेल्यांनाही गाठतो.

---

सत्त्वशीला_लेले | १० नोव्हेंबर, सकाळी ११:००

सायकलकाका, मला पट्टीचा एक गुंडाळा घेऊन ठेवाल का? आमच्याकडे रात्री गाई रस्त्यावर बसतात. त्यांच्या शिंगांना बांधते.

---

सायकल_थाटीपूर | १० नोव्हेंबर, सकाळी ११:१०

दोन घेऊन ठेवतो ताई. मीही येतो बांधायला. शिंगांपेक्षा गळ्याचा पट्टा बरा, ढिला ठेवू, आणि त्यावर पट्टी शिवून घेऊ.

---

मुरारकर | २१ नोव्हेंबर, रात्री १०:००

मावशी, उद्या शनिवार ना? हंगाम उद्याच सुरू होतोय. आम्हीही वाट बघतोय.

---

लष्करची_मावशी | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

परत आला सुखरूप. आज सकाळी तासभर बोलत होता.

पहाटे अंधारात जाऊन बसले. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवायला परवानगी असते, पण ते गृहस्थ उजाडून चांगलं दिसू लागेपर्यंत बंदुकीला हातही लावत नव्हते. हा त्यांच्या शेजारी, बर्फात, तोंडातून शब्द नाही. आठ वाजता समोरच्या उतारावर एक हरिणी आली. उभी राहिली, आडवी, नेमासाठी अगदी सोयीची. त्यांनी बंदूक उचलली नाही. दुर्बीण लावून बघत राहिले आणि हळूच ती भाच्याच्या हातात दिली. हरिणीच्या बरीच मागे, टेकाडाच्या अंगाला, झाडांच्या खोडांमधून एक नारिंगी ठिपका. दुसरा कोणीतरी बसला होता. याला नुसत्या डोळ्यांनी आधी तो दिसलाच नव्हता, आणि एकदा दिसल्यावर मग त्याला दुसरं काही दिसेना.

हरिणी दहा मिनिटं तिथे होती, मग निघून गेली. दिवसभर त्यांनी एकही गोळी झाडली नाही.

घरी येऊन जेवताना भाच्याने त्यांना शिकारखान्याची गोष्ट सांगितली, साफ्याची. त्यांनी ती आपल्या नातवाला पुन्हा सांगायला लावली म्हणे.

---

शिंदेछावणी | २३ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

आजोबांची गोष्ट विस्कॉन्सिनला पोचली. काय लिहू, सुचत नाही. धन्यवाद मावशी.

---

गजक_गुळाची | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आणि स्वेटर?

---

लष्करची_मावशी | २३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

आत घातला होता. झाडाला टेकून बसल्याने उजव्या कोपरावर उसवलाय म्हणाला. मार्चमध्ये येतोय तेव्हा घेऊन येईल, लोकर शिल्लक आहे माझ्याकडे.